शब्द ज्याचा, भाव त्याचा

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचे शब्दांकन)



कार्यकर्त्यांनी फळ्यावर आजचा विषय लिहिला, ‘वाईनची भाषा’, तेव्हा मागच्या रांगांतून हसण्याचा आवाज आला. हसणे रास्त आहे. इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या वावरात वाईनची द्राक्षे नाहीत. पऱ्हाटी आहे, ज्वारी आहे, तूर आहे, पाऊस आला तर पीक आणि नाही आला तर कर्ज आहे. पुढे बसलेल्या मायबहिणींच्या कपाळावर आठ्या पडलेल्याही आम्ही पाहिल्या. त्यांतल्या कित्येकींनी आपापल्या गावातले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून उन्हातान्हात धरणे धरले आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. कोणी पेला हातात घ्यावा यासाठी आम्ही आलेलो नाही. आलो आहोत ते कापसाबद्दलच बोलायला. वाट फक्त जरा लांबची धरली आहे.

ही वाट का धरली, ते आधी ऐका.

गेल्या हंगामात एका खरेदी केंद्रावर आम्ही उभे होतो. केंद्राचे नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एका केंद्राची नाही. आपल्याच एका शेतकऱ्याची गाडी लागली होती. पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र, पाला नाही की कवडी नाही असा माल. ग्रेडर आला. त्याने मूठभर कापूस उचलला, दोन बोटांत ओढून पाहिला आणि म्हणाला, “मायक्रोनेअर कमी आहे.” क्विंटलमागे तीनशे रुपये कमी झाले. शेतकऱ्याने खाली मान घातली आणि म्हणाला, “बरं साहेब.”

आम्ही पुढे होऊन विचारले, “यंत्र कुठे आहे?” ग्रेडर म्हणाला, “यंत्र कशाला? हाताला समजते.” मंडळी, स्टेपल, म्हणजे धाग्याची लांबी, जाणत्या माणसाच्या बोटांना बरीचशी समजते, हे खरे. मायक्रोनेअर हा मात्र आकडा आहे. ठरावीक वजनाची रुई नळीत दाबून भरतात, तिच्यातून हवा सोडतात आणि हवा किती सहज जाते यावरून धागा किती बारीक आणि किती पक्व ते काढतात. तो आकडा बोटांनी निघत नाही. ग्रेडरने शब्द वापरला यंत्राचा आणि मोजले मनाने.

या गोष्टीत खरा दोषी कोण? ग्रेडर तर आहेच. पण आम्ही स्वतःलाही सोडत नाही. कृषी महाविद्यालयात आम्हाला हा शब्द परीक्षेला होता. तो लिहून आम्ही गुण मिळवले, पदवी घेतली, पुढे चळवळीत आलो, इतकी वर्षे गावोगाव भाषणे केली. पण मायक्रोनेअर म्हणजे काय, हे एकाही सभेत सांगितले नाही. ते तीनशे रुपये आमच्या गप्प राहण्यातूनही गेले.

त्या रात्री ठरवले की शब्द आणि भाव यांचे नाते नीट तपासायचे. त्यासाठी असा माल निवडला की ज्याच्याइतका शब्दांचा बाजार दुसऱ्या कोणत्याही शेतमालाने मांडलेला नाही. तो माल म्हणजे वाईन. द्राक्षाचा रस आंबवायचा, बाटलीत भरायचा आणि त्यावर चार शब्द छापायचे. त्या चार शब्दांमुळे एक बाटली शंभर रुपयांना जाते, तर दुसरी लाखाला.

वावरातले शब्द

पहिला शब्द ‘ब्रिक्स’. रसात साखर किती, हे सांगणारे हे माप. २४ ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण चोवीस ग्रॅम साखर. हातात मावणारी एक दुर्बिणीसारखी नळी असते. तिच्या काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून पाहायचे, की आकडा दिसतो. वाईनच्या द्राक्षाचा सौदा बहुधा याच आकड्यावर होतो. त्याचे कारणही साधे आहे. खमीर साखर खाते आणि तिचे मद्य करते. एका ब्रिक्समागे अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त मद्य तयार होते. म्हणजे २४ ब्रिक्सच्या रसाची वाईन तेरा टक्क्यांच्या आसपास होणार. इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच. ज्याच्याकडे ही नळी आहे त्याला कारखान्याच्या माणसाचा आकडा मुकाट्याने मानावा लागत नाही. तो आपल्याच बांधावर उभा राहून मोजतो.

दुसरा शब्द फ्रेंच आहे, ‘तेर्वार’. माती, उतार, ऊन, पाऊस, वारा आणि त्या गावची पिढ्यान्‌पिढ्यांची लागवडीची रीत, हे सगळे मिळून मालाला जो गुण येतो तो तेर्वार. ते लोक म्हणतात, याच टेकडीची चव अशी, पलीकडच्या टेकडीची तशी. हे ऐकून कोणाला नवल वाटू नये. मंगळवेढ्याची मालदांडी वेगळी, हे सांगायला आपल्याला फ्रेंच शब्द लागत नाही.

या शब्दातली एक गोष्ट मात्र कोरडवाहूवाल्यांनी मनात ठेवावी. फ्रान्समधल्या नामांकित भागांत द्राक्षबागेला पाणी देण्यावर कायद्याने बंधने आहेत, आणि हेक्टरी उत्पादनालाही वरची मर्यादा आहे. वेल तहानलेली असली की फळ लहान, साल जाड आणि रस कमी पण कसदार होतो, हा त्यांचा अनुभव. आपण कोरडवाहू म्हणतो ते मान खाली घालून. ते तीच गोष्ट बाटलीवर छापून जास्त पैसे मागतात. पाऊस त्यांच्यावरही रुसतो. फरक इतकाच की त्यांनी आपल्या अडचणीला नाव दिले आणि त्या नावाचा भाव लावला.

कारखान्यातले शब्द

आता मायबहिणींनी कान द्यावा, कारण ही सगळी तुमच्या स्वयंपाकघरातली कामे आहेत.

द्राक्षे चिरडून साल, बी आणि रस यांचा जो रगडा होतो त्याला ‘मस्ट’ म्हणतात. हा रगडा सालीसकट आंबवला तर लाल वाईन होते, कारण रंग सालीत असतो. साल आधीच काढली तर पांढरी होते. आंबताना साल फुगून वर येते आणि जाड थर धरते. तो थर पुन्हा पुन्हा खाली दाबावा लागतो. आंबणे संपले की तळाशी गाळ बसतो, त्याला ‘लीज’ म्हणतात. वरची निवळी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात घेतात, तिला ‘रॅकिंग’ म्हणतात. म्हणजे आपले निथळणे.

‘मॅलोलॅक्टिक’ हा शब्द ऐकून पदवीधरही दचकतो. अर्थ सोपा आहे. द्राक्षात कच्च्या सफरचंदासारखी झोंबरी आंबट चव असते. काही जिवाणू त्या आंबटपणाचे रूपांतर दह्याच्या मवाळ आंबटपणात करतात. तुम्ही दुधाला विरजण लावता त्याच जिवाणूंचे हे भाऊबंद.

‘ओक’ हे एका झाडाचे नाव. त्या लाकडाची पिंपे आतून भाजून घेतात आणि त्यांत वाईन मुरवतात, म्हणजे तिला लाकडाचा, धुराचा, व्हॅनिलाचा वास चढतो. आपल्याकडे द्राक्षासव तर पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. त्यात धायटीची फुले घालून रस आंबवतात. आंबवण्याची विद्या परदेशातून आलेली नाही. तिचे शब्द बाजारात मांडण्याचे काम मात्र त्यांनी केले, आपण केले नाही.

जिभेवरचे शब्द

आता ज्या शब्दांची शहरात मिजास चालते त्यांच्याकडे येऊ.

‘ड्राय’ म्हणजे कोरडी, असे कोणी सांगेल तर ते चूक. ड्राय म्हणजे गोडी न उरलेली. सगळी साखर खमिराने खाल्ली की वाईन ड्राय.

‘टॅनिन’ म्हणजे तुरटपणा. कच्चे जांभूळ खाल्ले की जीभ ओढली जाते, सुपारी चघळली की तोंड सुकते, तेच ते. हा तुरटपणा साल आणि बियांतून येतो, आणि जुनी होत जाते तशी वाईन मवाळ होते.

‘बॉडी’ म्हणजे तोंडात लागणारा जडपणा. पातळ ताक आणि सायीचे दूध यांत जो फरक, तो बॉडीचा.

‘फिनिश’ म्हणजे घोट गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते. चांगल्या गुळाचा खडा संपला तरी गोडी रेंगाळते, हलक्या गुळाची तिथेच विरते.

‘अरोमा’ म्हणजे फळाचा मूळ वास आणि ‘बुके’ म्हणजे मुरल्यावर आलेला वास. कैरीचा वास निराळा आणि वर्षभर मुरलेल्या लोणच्याचा निराळा.

‘कॉर्क्ड’ हा दोषाचा शब्द आहे. बाटलीच्या बुचातल्या एका द्रव्यामुळे वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. कणसातच भिजलेल्या ज्वारीचा कुबटपणा ज्याला ओळखता येतो, त्याला हाही ओळखता येईल.

आणि ‘व्हिन्टेज’. शहरातल्या पुष्कळ लोकांना वाटते की व्हिन्टेज म्हणजे जुनी. तसे नाही. द्राक्षे ज्या साली तोडली ते साल म्हणजे व्हिन्टेज. गेल्या वर्षीच्या बाटलीलाही व्हिन्टेज असते.

मंडळी, पंधरा-वीस मिनिटांत आपण पंधरा शब्द शिकलो. यातला एकही असा निघाला नाही की ज्याचा अनुभव तुमच्या जिभेला, नाकाला किंवा हाताला आधीच नव्हता. शब्द परका होता, ज्ञान घरचेच होते.

खरे शब्द आणि हवेतले शब्द

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येऊ. या शब्दांचे दोन वर्ग आहेत.

एका वर्गाच्या मागे माप किंवा कायदा उभा असतो. ब्रिक्स मोजता येते. स्पेनमध्ये लाल वाईनवर ‘रिझर्वा’ लिहायचे तर ती निदान तीन वर्षे मुरलेली असावी आणि त्यातले निदान एक वर्ष लाकडी पिंपात, असा नियम आहे. दुसऱ्या वर्गाच्या मागे काही नसते. तोच ‘रिझर्व्ह’ शब्द अमेरिकेत कोणीही छापावा, त्याला कायद्याचा आधार नाही. एकाच शब्दाला एका देशात वजन आहे आणि दुसऱ्या देशात तो नुसता दागिना आहे.

जाणकारांच्या जिभेचेही असेच. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो येथील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनचे शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन दिली, पण तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळून. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन करताना लाल वाईनचे शब्द वापरले. डोळ्यांनी जे पाहिले तेच नाकाने सांगितले. त्याआधी १९७६ साली पॅरिसमध्ये बाटल्या झाकून परीक्षा घेतली गेली. परीक्षक फ्रेंच, आणि आपली वाईन जगात पहिली अशी त्यांची खात्री. नावे झाकलेली असताना त्यांनी पांढऱ्या आणि लाल दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाईनला दिला.

यातून आपण काय घ्यायचे? परीक्षक वाईट नव्हते, त्यांची जीभही तयार होती. पण मालक कोण हे माहीत असले की तयार जीभसुद्धा फसते. मग गाडी पाटलाची की पारध्याची, हे पाहून कापूस चाचपणाऱ्या बोटांचे काय? म्हणून शहाण्या लोकांनी नियम केला, बाटली झाका आणि मग चाखा. हा नियम त्यांनी पेल्यासाठी केला, आपल्याला तो गाडीसाठी हवा आहे.

वाईन कशाला म्हणावे, यासाठी आंदोलन

कोणी म्हणेल की शब्दांचे असले खेळ श्रीमंत देशात चालतात. त्यांना १९०७ सालची गोष्ट सांगतो.

दक्षिण फ्रान्समधला लांगदोक हा लहान लहान द्राक्षशेतकऱ्यांचा प्रदेश. तिथे वाईनचे भाव पार कोसळले होते. माल जास्त झाला होता आणि बाहेरूनही येत होता, हे एक कारण. पण शेतकऱ्यांच्या जिवाला लागली ती भेसळ. चोथ्यात साखर आणि पाणी घालून व्यापारी वाईन तयार करीत आणि तिलाही वाईनच म्हणत. ताज्या द्राक्षाच्या आंबवलेल्या रसालाच वाईन म्हणावे, असा कायदा १८८९ सालीच झाला होता. पण तो कागदावर पडून होता.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिये नावाच्या गावातून ८७ शेतकरी चालत निघाले. पुढे मार्सेलँ आल्बेर, गावात छोटे उपाहारगृह चालवणारा आणि थोडी बाग असलेला माणूस. दर रविवारी सभा आणि दर रविवारी आधीपेक्षा मोठी. ९ जूनला माँपेलिये शहरात जमलेले लोक पाच लाखांच्या वर होते असा अंदाज सांगतात. सरकारने लष्कर पाठवले. नारबोन शहरात गोळीबार झाला, माणसे मेली. सतराव्या पायदळ पलटणीत त्याच भागातली पोरे होती. त्यांनी आपल्याच लोकांवर बंदूक रोखायला नकार देऊन बंड केले.

पुढची गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. आल्बेर पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमांसो यांना भेटला. निघताना क्लेमांसोंनी त्याला परतीच्या भाड्यासाठी शंभर फ्रँक दिले, त्याने ते घेतले, आणि ही गोष्ट क्लेमांसोंनी वर्तमानपत्रवाल्यांना सांगितली. पुढारी विकला गेला असा बोभाटा झाला. शंभर फ्रँकमध्ये एक माणूस संपला.

पण आंदोलन संपले नाही. २९ जून १९०७ रोजी कायदा झाला. किती माल पिकवला हे प्रत्येकाने जाहीर करायचे, वाईनसाठी साखर वापरण्यावर लगाम घालायचा. सप्टेंबरमध्ये शेतकऱ्यांनी आपली संघटना बांधली आणि भेसळ पकडण्यासाठी स्वतःची माणसे नेमली. चार वर्षांनी, १९११ साली, शॅम्पेन भागात पेटले. बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून त्यांची वाईन शॅम्पेन म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांची कोठारे शेतकऱ्यांनी फोडली. पुढे १९३५ साली कायदा झाला आणि गावाचे नाव बाटलीवर कोणी लावायचे हे ठरवणारी यंत्रणा देशभर उभी राहिली. आज दुकानात ज्या शब्दांचा रुबाब दिसतो त्यांतले कित्येक शब्द असे रस्त्यावर उतरून मिळवलेले आहेत.

आपल्या दाराशी

ही वाट गुलाबाची आहे, असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रात २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आले, नाशिककडे कारखाने उभे राहिले, शेतकऱ्यांनी करार करून वाईनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या मंदीत कित्येक कारखाने अडले आणि माल उचलेनात. खाण्याचे द्राक्ष मोंढ्यात नेता येते, बेदाणा करता येतो. वाईनच्या जातीला दुसरे गिऱ्हाईक नाही. अनेकांनी बागा तोडल्या. त्यांना शब्द माहीत होते, ब्रिक्सही माहीत होते. पण माल उचलला नाही तर काय, हे करारात कोणत्या शब्दांत लिहिले आहे, ते पाहायचे राहून गेले. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या दुकानांतून वाईन विकण्याचा निर्णय घेतला आणि कारण शेतकऱ्याच्या हिताचे दिले, तेव्हाही आम्हाला या तोडलेल्या बागा आठवल्या. शेतकऱ्याचे हित हाही एक शब्दच आहे. त्याच्यामागे माप किंवा कायदा आहे का, ते पाहायला हवे.

आता कापसाचे शब्द घेऊ. हे पाठ करून जा. ओलावा: हमीभावाची पूर्ण किंमत आठ टक्क्यांपर्यंत, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी, त्याच्या पुढे नकार. स्टेपल: २९.५ ते ३०.५ मिलिमीटर हा लांब धाग्याचा मूळ वर्ग. मायक्रोनेअर: त्या वर्गाला ३.५ ते ४.३. आणि चौथा शब्द तुम्हाला कोणी सांगत नाही तो, रुईचा उतारा. क्विंटलभर कापसातून रुई किती निघाली, हे जिनवाला रोज मोजतो, कारण त्याचा नफा त्यात आहे. तुम्ही कधी विचारले आहे का?

आमच्या मागण्या चार. गाडीवरून काढलेल्या नमुन्यावर नाव नको, क्रमांक हवा. ओलाव्याचे यंत्र शेतकऱ्यासमोर लावावे. कपात केली तर कोणत्या कारणाने आणि कोणत्या आकड्यावर, हे पावतीवर लिहून द्यावे. आणि ज्या शब्दाचे यंत्र केंद्रावर नाही तो शब्द उच्चारून एक पैसाही कापू नये. संध्याकाळच्या सत्रात हा ठराव येईल, त्यावर खुली चर्चा करा.

शेवटी एक काम देतो, तेही मायबहिणींना. गावात परत गेल्यावर तीन प्रकारची ज्वारी घ्या, एकाच गिरणीत दळा, एकाच हाताने भाकऱ्या करा आणि ताटांवर नुसते १, २, ३ लिहा. कोणती ज्वारी कुठली, हे कोणाला सांगू नका. मग दहा जणींनी चाखून सांगायचे: गोडी कशी, पापुद्रा सुटतो का, पिठाला विरी गेली आहे का, सकाळची भाकरी संध्याकाळी मऊ राहते का. जो शब्द जिच्या तोंडून येईल तो तसाच वहीत उतरवा. चीनमध्ये ज्वारीची माओताई दारू करतात आणि तिच्या वासाला त्यांनी नावे देऊन ठेवली आहेत. आपल्या भाकरीच्या चवीला तुमच्याजवळ शंभर शब्द आहेत, पण ते चुलीपाशीच राहिले. वायगावच्या हळदीला, भिवापूरच्या मिरचीला नावाची नोंद मिळाली आहे. त्या नोंदीमागेही कोणीतरी असे शब्द लिहूनच काढले असणार.

पुढच्या मेळाव्याला त्या वह्या घेऊन या. आणि केंद्रावर कोणी दोन बोटांत कापूस ओढून मोठा शब्द टाकला, तर “बरं साहेब” म्हणू नका. नम्रपणे विचारा, “साहेब, आकडा किती? आणि यंत्र कुठे?” एवढे दोन प्रश्न प्रत्येक गाडीवाल्याने विचारले, तर आमची पदवी आज पहिल्यांदा कामी आली असे आम्ही समजू.